घर आणि कोयता

दिवाळीच्या चार दिवसांत परगावी गेलेल्या माणसाने घरी यावे, असा आपल्याकडचा जुना संकेत आहे. एस.टी.च्या गाड्या म्हणूनच या दिवसांत भरून वाहतात. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र याच सुमारास उलट्या दिशेनेही एक रीघ लागते. दसऱ्याच्या आधीपासून मुकादम गावोगाव फिरू लागतो, उचल वाटली जाते, आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या बालाघाटाचे डोंगर उतरून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी नगरकडे जातो, कोणी सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सरहद्द ओलांडून कर्नाटकात. गाडीत बाजरी-ज्वारीची पोती असतात, तवा-परात असते, गोधड्या, कळश्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि या साऱ्याच्या फटीफटीतून बसवलेली लेकरे. कित्येक बहिणींची भाऊबीज ट्रकच्या फाळक्याशीच उरकते. भाऊ वर उभा, बहीण खाली ताट घेऊन, आणि ड्रायव्हर भोंगा वाजवीत असतो.

मी शाळेत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. सुट्टी संपून शाळा उघडली की हजेरीपटावरच्या किती नावांपुढे शिमग्यापर्यंत रेघ ओढावी लागणार, हे मला आधीच ठाऊक असते. म्हणून जेव्हा जेव्हा नोकरी करणाऱ्या स्त्रीने घर आणि काम यांचा मेळ कसा घालावा, यावरचे लेख माझ्या वाचनात येतात, तेव्हा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे या गाड्या उभ्या राहतात. सन २०२० च्या साथीनंतर तर हा विषय घरोघरी पोहोचला. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द आता आमच्या बाजारच्या गावीसुद्धा भाषांतर न करता समजतो. काम घरी आणले म्हणजे स्त्रीचे ओझे हलके होते की दुप्पट होते, असा वाद चालतो. वाद महत्त्वाचा आहे यात शंका नाही. पण तो नवा आहे, असे जे समजले जाते, ते काही खरे नाही. आपल्याकडच्या बायकांनी घर आणि काम एका जागी आणण्याचे अनेक प्रयोग केलेले आहेत. काही आपखुशीने केले, काही त्यांच्याकडून करवून घेतले गेले. या सणाच्या निवांतपणात त्यांची थोडी उजळणी करावी, असा विचार आहे.

जुन्या घरात घर कोणते आणि काम कोणते हे वेगळे काढताच येत नसे. पहाटे कोंबडा आरवण्याआधी जात्याची घरघर सुरू व्हायची. घरच्या सगळ्यांना पुरेल एवढे पीठ रोजच्या रोज दळायचे, मग पाणी, मग झाडलोट, मग भाकरी, आणि उन्हे वर आली की शेत. या श्रमाला मजुरी नव्हती आणि नावही नव्हते. नाव होते ते फक्त ओवीला. दळता दळता बाईने माहेर आठवले, भावाला आशीर्वाद दिला, सासुरवासाची कड लावली, विठ्ठलाशी भांडण काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखावर ओव्या जमविल्या. त्यांतल्या काही आमच्याच माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्या बाबासाहेबांवरच्या आहेत. पुढे पिठाची गिरणी आली. बायकांची पहाटेची एक मोठी कष्टाची घटका वाचली. पण वाचलेली घटका विश्रांतीला मिळाली असे मात्र झाले नाही. ती दुसऱ्या कामाने भरून काढली.

मुंबईला गिरण्यांचा जम बसला तेव्हा घर आणि काम यांची पहिल्यांदा ठळक फारकत झाली. भोंगा वाजला की बाई खात्यात हजर पाहिजे आणि तान्हे मूल खोलीत राहिले पाहिजे. सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत हजारो बायका होत्या. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ चाटवून कामावर जाण्याची चाल गिरणगावात होती, हे त्या काळच्या डॉक्टरांनी नमूद करून ठेवलेले आहे. आईला ते कळत नव्हते काय? कळत होते. पण एका बाजूला पगार आणि दुसऱ्या बाजूला मूल, आणि मधे धरायला कोणी नाही, अशी ती कोंडी होती. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या पगारी रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. या विषयावरचा देशातला तो पहिला कायदा. परंतु पुढच्या वर्षांत गिरण्यांतली बायकांची संख्या उतरत गेली. बाईला रजा आणि पैसा द्यावा लागतो, तर बाईच नको, असा हिशेब काही मालकांनी केला, हे त्यामागचे एक कारण होते. कायद्याच्या मागे नीट पाळत नसली की तो असा उलटतो.

मग बायकांनी दुसरी वाट काढली. ज्यांना गिरणीत जाता येईना त्यांनी गिरणीवाल्यांनाच घरी जेवायला बोलावले. कोकण-घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठी गिरणगावात खोल्याखोल्यांतून खाणावळी निघाल्या. अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले, आणि सावकाराच्या व्याजातून त्यांना बँकेच्या कर्जाकडे नेले. त्याच्याही आधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लिज्जतची रीत साधी आहे. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी तोलून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. आज हजारो भगिनी हे काम करतात. एवढेच असते तर तो एक साधा घरधंदा झाला असता. पण तिथे लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार मानली जाते, हे त्या पापडाचे खरे मीठ आहे.

याच्या शेजारीच सोलापूरची विडी वळणारी बाई ठेवून पाहावी. तीही घरीच काम करते. कारखान्यातून टेंभुर्णीची पाने आणि तंबाखू आणायची, सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळायच्या, आणि संध्याकाळी दाखवायला न्यायच्या. त्यातल्या किती ‘छाट’ म्हणून बाजूला पडतील हे तिच्या हाती नाही. घरी बसून काम करणारी ही बाईसुद्धा कामगारच आहे, हे कायद्याने मान्य करायला १९६६ साल उजाडले. काम दोघींचे घरात, पण एकीचे मोजमाप तिच्या डोळ्यांदेखत होते, दुसरीचे तिच्या पाठीमागे. मला वाटते, या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. काम कुठे करावे हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणी मोजावे आणि कोणाच्या नावावर मांडावे, हा पहिला.

आता आमच्याकडे येऊ. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उत्तरेकडून गोदावरी वाहते खरी, पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतले डोंगरपठार कोरडेच. माळाची, मुरमाड जमीन. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर तेही नाही. अशा घरांतले हात खरिपाची रास झाली की मोकळेच असत. इकडे हे मोकळे हात आणि तिकडे पाण्याने भिजलेला ऊस. शेजारच्या नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाहता पाहता त्याच्या मागोमाग कितीतरी उभे राहिले. महाराष्ट्राला सहकाराचे जे नाव मिळाले ते या कारखान्यांमुळे, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण ऊस हे पीक थांबून राहणारे नव्हे. तोडल्यावर तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर उतारा घटतो. तेव्हा तोडणारा माणूस फडाच्या काठीच राहायला हवा, आणि गाडी मध्यरात्री आली तरी भरायला उठला पाहिजे. त्यातून ‘कोयता’ निघाला. कोयता म्हणजे हत्यार, हे कोणीही सांगेल. आमच्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पुरुषाने बुडातून ऊस तोडायचा, बाईने पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत न्यायची. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल मिळते ती पूर्ण कोयत्याला. ती घेतो नवरा, लिहितो मुकादम, आणि फेडतात दोघेही. लग्नाच्या बाजारावरसुद्धा याचा परिणाम झाला. जोडी झाल्याशिवाय पूर्ण उचल नाही म्हणून कितीतरी पोरींची लग्ने वयाआधी हंगामाच्या तोंडावर लागली. त्यांत माझ्या वर्गातल्याही होत्या. सातवीच्या बाकावर जिची जागा होती ती पुढच्या वर्षी एखाद्या कोयत्याचा अर्धा भाग झालेली असे.

ऊसतोडणीवरच्या बाईला घर आणि काम यांचा मेळ घालावा लागत नाही. तिचे घरच कामावर नेलेले असते. बांबू, चटया आणि पाचट यांची कोपी उभी राहते, तीत वाकून शिरावे लागते. पहाटे तीन-चारला ती उठते. तीन दगडांच्या चुलीवर दोन्ही वेळच्या भाकरी थापते, अंधारातच फडावर जाते. पौष-माघातल्या थंडीत उसाच्या पानावरचे दव अंगावर घेत सोलणी चालते, आणि त्या पानाची कड सुरीसारखी असते. लहान मूल बांधाच्या कडेला पाचटावर निजवलेले. त्याच्यावर लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची मोठी बहीण असते, म्हणजे जिने माझ्या शाळेत पहिलीत बसायचे ती. दुपार कलली की मोळ्यांची वाहतूक. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचे. संध्याकाळी कोपीवर परत, पाणी, सरपण, पुन्हा चूल. पुरुष थकलेला असतो, तो टेकतो. ती टेकत नाही. जोडीने दिवसाकाठी दीड-दोन टन तोडायचे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला, म्हणजे दोन टनांचे साधारण ७३२. ते दोन माणसांचे, आणि त्यांतही चुलीपुढच्या तासांची मोजदाद कुठेच नाही.

एक दिवस कामावर गेले नाही तर ‘खाडा’ धरतात आणि खाड्याचे पैसे कापतात. पाळी, गरोदरपण, बाळंतपण हे सारे या खाड्याच्या हिशेबात येते. फडावर न्हाणी नाही, आडोसा नाही, स्वच्छ पाणी नाही. पोटात, कंबरेत दुखू लागले तर हंगाम संपेपर्यंत अंगावर काढायचे, आणि उन्हाळ्यात गावी आल्यावर दवाखाना गाठायचा. सणाच्या अंकात हे लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तरी हे वाचलेच पाहिजे असे वाटते, म्हणून लिहिते. आमच्याकडे ‘पिशवी काढली’ हे शब्द ‘दात काढला’ म्हणावे तितक्या सहज उच्चारले जाऊ लागले होते. २०१९ साली त्याचा बोभाटा झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक. कित्येक जणी अजून तरुण होत्या. कुणाला पुढे कर्करोग होईल अशी भीती घातली गेली होती, कुणाला औषधाने बरे होणारे दुखणे होते, आणि कुणाच्या मनात एवढेच होते की लेकरे झाली, आता खाडे तरी चुकतील. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. हे चांगले झाले. पण काम आणि शरीर यांचा मेळ घालण्याकरिता बाईने आपले शरीरच छाटून द्यावे, अशी पाळी तिच्यावर आली होती, हे विसरता येत नाही.

याच जिल्ह्याने दुसराही एक प्रकार पाहिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात सारा मुलूख खडी फोडायला, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर लोटला. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. माझी आजी त्यांतली एक. मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची ती नावे ठेवी, हाताच्या घट्ट्यांची गोष्ट सांगे, पण एक गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलायचा. मस्टरावर तिचे नाव तिचे स्वतःचे होते. अमक्याची बायको म्हणून कुणाच्या पोटात लिहिलेले नव्हते. आठवड्याचा पगार वाटताना कारकून ते नाव मोठ्याने पुकारायचा आणि अंगठा ती स्वतः उठवायची. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळातून तावून निघाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्यात तर सहा वर्षांखालची पाच मुले कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिलाही मजुरी द्यावी, असे लिहिले गेले. मूल सांभाळणे हेही काम आहे आणि त्याला मोल आहे, ही गोष्ट सरकारी कागदावर आली. आजी तोवर राहिली असती तर हसली असती.

गंमत अशी, की ज्या १९७३ साली आमच्या आज्या उन्हात खडी फोडीत होत्या, त्याच साली अमेरिकेत जॅक निल्स नावाच्या गृहस्थांनी घरी बसून दूरध्वनी व यंत्राच्या साहाय्याने कचेरीचे काम करण्याला एक नवे नाव दिले. ती कल्पना पुढे जवळजवळ पन्नास वर्षे कूर्मगतीने चालली, आणि २०२० च्या मार्चमध्ये एका आठवड्यात साऱ्या जगावर येऊन आदळली. शहरांतल्या शिकलेल्या बायकांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी संगणक मांडला. मीसुद्धा एका हाताने भ्रमणध्वनी धरून आणि दुसऱ्याने दुधावर नजर ठेवून कविता शिकविली आहे. त्यांचे हाल काही खोटे नव्हते. साहेबाचा बोलावा आणि कुकरची शिटी एकाच वेळी येते, तेव्हा दोन्हीकडे अर्धे असण्याचा शीण काय असतो, तो ज्याचा त्याला ठाऊक. पण त्याच आठवड्यांत राज्यातल्या अडतीस कारखान्यांच्या आवारांत सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड माणसे अडकून पडली होती. घरी राहा असे सारे सांगत होते, आणि त्यांचे घर शेकडो कोसांवर होते. एप्रिलच्या मध्यावर सरकारने तपासणी करून त्यांना गावी परतायची मुभा दिली.

कायदे आपल्याकडे नाहीत असे नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास माणसे असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले, आणि रजेनंतर उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याची सोयही लिहिली गेली. मात्र कायद्याला मालक लागतो. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, माझा व्यवहार गड्याशी. आणि गड्याची बायको त्या कोयत्यातच धरलेली. मालकच सापडत नाही, मग पाळणा कोणी बांधायचा?

मुलांपुरता या प्रश्नाला एक जुना, देखणा धडा आपल्याजवळ आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले, की आदिवासी पोरे गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. त्या कुरणशाळेने आम्हा मास्तरणींना शिकविले, की मूल जिथे आहे तिथे शाळेचे पाय पोहोचले पाहिजेत. त्याच वळणावर पुढे कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या, आणि मग मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने एकेचाळीस तालुक्यांत ब्याऐंशी वसतिगृहे काढण्याची योजना झाली, आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळही कामाला लागले. ज्या वर्षी गावातले वसतिगृह वेळेवर उघडते, त्या वर्षी माझ्या हजेरीपटावरच्या रेघा कमी होतात, हा माझा अनुभव आहे. उशीर झाला तर मात्र मूल गाडीत बसून निघून गेलेले असते. पोरीला मागे ठेवायला आई तयार असते. “बाई, तेवढी हिची सोय लावा, माझं काय, मी हाय तशी ऱ्हाईन,” असे मला किती जणींनी म्हटले असेल. त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याची सोय थोडीफार होऊ लागली आहे. दुसऱ्या अर्ध्याचे काय, हे कोणी विचारीत नाही.

तेव्हा घरून काम करणाऱ्या शहरी भगिनीला आणि घर घेऊन कामावर जाणाऱ्या आमच्या बाईला एकाच तागडीत तोलावे, असे माझे म्हणणे नाही. दोघींच्या कष्टांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण दोघींची मागणी मुळात एकच निघते. माझे तास मोजा. माझ्या नावावर मोजा. आणि मी काम करीत असता माझ्या मुलाला धरायला कोणीतरी हात पुढे करा. लिज्जतच्या भगिनींना यातले पुष्कळ मिळाले, कारण त्या मालक झाल्या. रोजगार हमीवरच्या बायकांना थोडे मिळाले, कारण मस्टरावर त्यांचे नाव होते. ऊसतोडणीवरच्या बाईला काहीच मिळाले नाही, कारण ती कागदावर नव्हतीच. तिला कामगार म्हणून ओळखपत्र हवे, तिची मजुरी तिच्या खात्यावर हवी, आजारात खाडा धरायचा नाही असा करार हवा, आणि कोपीजवळ पाणी, न्हाणी आणि पाळणा हवा. यात अशक्य असे काहीही नाही. जो सहकार शेकडो गावांचा ऊस वेळेवर गव्हाणीत आणून टाकतो, त्याला एवढी व्यवस्था जमणार नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

या अंकाचे वाचक घरोघरी फराळाला बसलेले असतील. त्यांत कारखान्यांचे सभासद असतील, संचालक असतील, अधिकारी असतील, आणि उसाचे बागायतदार तर असतीलच. गाळप हंगामाचे करार याच दिवसांत लिहिले जातात. मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ असे लिहिलेले दिसेल तिथे त्यांनी थांबावे, आणि त्या ओळीवर दोन नावे लिहायला सांगावीत. दुसरे नाव काय, हे मुकादमाला बहुधा माहीत नसेल. त्याने गाडीपाशी जाऊन ते त्या बाईलाच विचारावे.